बल्ब नाही, एमिटर

बंद पडलेल्या यंत्राचा मला कधी राग येत नाही. राग येतो तो त्याच्याभोवती कोंडाळं करून उभ्या राहिलेल्या माणसांचा. नगरच्या एमआयडीसीत गेली तीस वर्षं मी मोटारी, कंट्रोल पॅनेल, मीटर असलं काहीबाही दुरुस्त करत हिंडतोय. एवढ्या वर्षांत "काल तर चांगलं चालू होतं" आणि "कार्ड गेलं असेल" ही दोन वाक्यं ऐकून माझे कान किटले आहेत. पहिलं वाक्य मालक बोलतो, दुसरं पुण्याहून आलेला इंजिनिअर. कार्ड म्हणजे यंत्राच्या पोटातली इलेक्ट्रॉनिक पाटी. काय बिघडलंय ते कळेनासं झालं की ती बदलायची, असा या लोकांचा शिरस्ता आहे. डोकं दुखतंय म्हणून मुंडकं बदलायचं आणि वर त्याला टेक्नॉलॉजी म्हणायचं.

गणपती उठल्यानंतरच्या आठवड्यात मला अशाच एका वर्कशॉपमधून फोन आला. तिथे सीएनसी लेथवर, म्हणजे कॉम्प्युटरनं चालणाऱ्या लेथवर, पंपाचे शाफ्ट बनायचे. मालकाचा मूळ धंदा मंगल कार्यालयाचा. मुलाला काहीतरी उद्योग हवा म्हणून त्यांनी कुठल्यातरी लिलावात हे जुनं परदेशी मशीन उचललं. मुलगा महिन्याभरात कंटाळून परत कार्यालयात जाऊन बसला आणि मशीन शेठच्या गळ्यात पडलं. वर्कशॉपच्या दारातही शेठ वऱ्हाडाच्या स्वागताला उभे असल्यासारखे उभे असत. मशीनला मागच्या दसऱ्याचा वाळून कोळपलेला झेंडूचा हार होता, आणि कुंकवाचं स्वस्तिक नेमकं हवा आत जाण्याच्या जाळीवर काढलेलं होतं. जाळी कुंकवानं आणि तेलानं बुजून गेली होती. ते पाहूनच मला परत फिरावंसं वाटलं.

पण शेठनी खुर्ची दिली. मशीनला काय झालंय हे सांगायच्या आधी त्यांनी विचारलं, "गाव कोणतं तुमचं?"

"खर्ड्याकडचं."

"असं होय. खर्ड्यात कुणापैकी?"

"मेंटेनन्सपैकी," मी म्हटलं.

शेठ हसले, पण त्यांचं समाधान झालं नाही हे दिसत होतं. हा प्रश्न मला नवा नाही. आमच्या घरात छप्पन सालापासून बुद्धाची तसबीर आहे आणि ती लोकांना माझ्या आडनावातूनच दिसते. एकदा दिसली की मी सांगितलेलं निदान त्यांना अर्धंच पटतं. मग ते दुसऱ्या कुणालातरी बोलावून खात्री करून घेतात. म्हणून मी दोन सवयी लावून घेतल्या आहेत. आडनाव होता होईतो सांगायचं नाही, आणि जिथे मराठी शब्द पुरेल तिथेही इंग्रजी वापरायचा. इंग्रजी शब्दाला कुणी गाव विचारत नाही. या सवयीचा मला अभिमान होता, हे इथे सांगून टाकतो.

तर झालं होतं असं. मशीन सकाळी अगदी बरोबर माप द्यायचं आणि दुपारनंतर शाफ्ट बारीक निघायला लागायचे. केसाच्या जाडीपेक्षाही कमी फरक, पण तेवढ्यानं बेअरिंग सैल बसतं. ज्या मोठ्या कंपनीला माल जायचा तिनं अख्खी खेप परत पाठवली होती, आणि सोबत एक फॉर्म. असं का झालं, आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय केलं, ते त्यात लिहून द्यायचं होतं.

शेठना उत्तर सापडलेलं होतं. ऑपरेटर दुपारी जेवून आला की पेंगतो आणि मशीनमध्ये नंबर चुकीचा टाकतो. पुण्याचा इंजिनिअर येऊन गेला होता. त्यानं लॅपटॉप उघडला, कार्ड बदललं, फरक पडला नाही, तेव्हा लॅपटॉप मिटून सांगितलं की मशीन ओके आहे, तुमच्याकडे प्रोसेस डिसिप्लिन नाही. शेठना डिसिप्लिन हा शब्द फार आवडला. मशीनची चूक म्हटली तर कंपनीची माणसं मशीन तपासायला येणार. माणसाची चूक म्हटली तर माणूस बदलला की काम झालं. त्यांनी लगेच एक माफीनामा टाईप करून घेतला, "माझ्या निष्काळजीपणामुळे" असा सुरू होणारा, खाली सहीपुरती जागा सोडलेला.

ज्यानं सही करायची तो ऑपरेटर मशीनपाशी कापूस घेऊन उगाच पुसत उभा होता. चाळिशीचा, तिसगावकडच्या एका खेड्यातला. आईबापांबरोबर आणि मग बायकोबरोबर कितीतरी हंगाम ऊसतोडीला गेलेला. नंतर इथे एमआयडीसीत झाडलोट करता करता मशीन शिकला आणि कोयता सुटला. शनिवारपर्यंत सही कर नाहीतर घरी जा, असं शेठनी त्याला सांगितलं होतं. सही केली असती तर ती कंपनीच्या फॉर्मला लागली असती, आणि मग एमआयडीसीत कुणी त्याच्या हातात झाडू दिला असता, मशीन दिलं नसतं. त्याची सुटका एकाच गोष्टीत होती. दोष मशीनचा निघायला हवा होता.

"सायेब," तो माझ्याजवळ येऊन म्हणाला, "सकाळी बरं असतंय. दुपारनं तापलं का बिगडतंय. मी नंबर चुकलो न्हाई. ह्याच्या आतला बल्ब उतरलाय."

शेठ मोठ्यानं हसले. "ऐका! ह्याला सीएनसीत बल्ब दिसतो. पुण्याच्या साहेबालाही हेच सांगत होता. ते म्हणाले, काका, हे कॉम्प्युटरचं मशीन आहे, कंदील नाही."

आजूबाजूचे चौघेही हसले. वर्कशॉपमध्ये त्याचं नावच बल्ब पडलं होतं. "ए बल्ब, चहा सांग." त्यानं मला समजावून सांगायचा प्रयत्न केला. तो आधी जिथे कामाला होता तिथलं मशीन याहून जुनं होतं, आणि त्याच्या मागच्या डबीत गव्हाच्या दाण्याएवढा बल्ब होता. दर दोन-चार वर्षांनी तो मंद व्हायचा आणि मापं हुकायला लागायची. मग तिथला म्हातारा फिटर तो बदलायचा. हे त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं.

मीही हसलो. खोटं कशाला बोलू. असलं ऐकून सोडून द्यायची माझीही सवय आहे. "बघू, बघू," म्हटलं आणि त्याला बाजूला केलं.

मी डायल गेज लावला, म्हणजे हललेलं दाखवणारं घड्याळ. मशीनला त्याच त्याच जागी परत यायला सांगितलं. सकाळी काटा दर वेळी शून्यावर येत होता. दुपारी दोन वाजता तो शून्याच्या पुढे जायला लागला. नंबर कुणी बदललेला नव्हता, कारण नंबर बदलायच्या कुलपाची किल्ली माझ्या खिशात होती. मशीन आपण नेमक्या जागी आल्याचं पडद्यावर सांगत होतं आणि आलेलं नव्हतं. एवढंसं पाहायला पुण्याच्या साहेबाला गाडीतून उतरल्यापासून दोन तास थांबावं लागलं असतं. पण त्याला दुपारचं जेवण पुण्यात करायचं होतं.

मोटारीच्या पाठीला एन्कोडर नावाची एक डबी असते. मोटार किती फिरली हे ती मोजते. आत काचेची एक चकती असते आणि तिच्यावर डोळ्याला न दिसणाऱ्या हजारो बारीक रेघा. चकतीच्या एका बाजूला उजेड, दुसऱ्या बाजूला उजेड ओळखणारे डोळे. चकती फिरली की रेघांच्या सावल्या पडतात आणि डोळे त्या मोजतात. मी डबीला आणि मोटारीला जोडून नेलपॉलिशची एक रेघ मारली, म्हणजे परत तशीच बसेल, आणि डबी घरी घेऊन आलो.

घरी टेबलावर डबी उघडली. काच स्वच्छ होती, डोळे शाबूत होते. राहिला उजेड. या मशीनमध्ये तो छोट्या एलईडीचा होता, आणि त्याचा प्रकाश माणसाला दिसत नाही, टीव्हीच्या रिमोटसारखा. तारा जोडल्या आणि ऑसिलोस्कोपवर, म्हणजे लाटा दाखवणाऱ्या पडद्यावर, चकतीच्या लाटा पाहिल्या. बऱ्या होत्या, जरा बुटक्या. मग बायकोचा हेअर ड्रायर आणला आणि डबीला गरम हवा दिली. लाटा खाली खाली बसत गेल्या आणि एक-दोन तर गायबच झाल्या. ड्रायर बंद केला, हळूहळू परत आल्या. एलईडी म्हातारा झाला होता. थंड असताना कसाबसा जळायचा, तापला की मंद व्हायचा, मग डोळ्यांना सावल्या दिसायच्या नाहीत आणि मोजणी चुकायची.

तापलं की बल्ब उतरतो. ऑपरेटर सांगत होता ते अक्षरन् अक्षर खरं होतं.

मला त्या वेळी आनंद व्हायला हवा होता, की चला, त्याची नोकरी वाचली. मला चीड आली. मी गेज लावले, स्कोप लावला, अख्खा दिवस घालवला, आणि कापूस घेऊन उभ्या असलेल्या माणसानं ते मला दारातच फुकट सांगून टाकलं होतं. बायकोनं विचारलं, सापडलं का? मी म्हटलं, सापडलं, फार कॉम्प्लिकेटेड होतं. ती म्हणाली, "माझा ड्रायर जागेवर ठेवा," आणि निघून गेली.

दुसरा एलईडी मला माझ्याच भंगारात मिळाला, त्याच जातीच्या एका मेलेल्या डबीत. बदलणं सोपं नसतं. दोन पायांचा तो दाणा वाटाण्यापेक्षा लहान. जुना काढताना सोल्डरचा टाका जास्त तापला तर पाटीवरची तांब्याची रेघ उचकटून येते. नवा बसवताना तो तसूभर जरी तिरका झाला तरी दोन लाटांची उंची सारखी येत नाही. मी श्वास रोखून तो चिमट्यानं इकडेतिकडे करत होतो, आणि लाटा सारख्या झाल्यावर गोंदाचा थेंब सोडला. काचेला बोट लावलं नाही. मग पुन्हा ड्रायर. लाटा जागच्या हलल्या नाहीत. हे काम नगरमध्ये किती जणांना जमेल, असा विचार करत मी चहा प्यालो. आजही ते काम मला चांगलंच वाटतं.

शुक्रवारी डबी घेऊन वर्कशॉपला गेलो. झाकण लावायच्या आधी शेठनी आत डोकावलं.

"लागलाय का? उजेड तर दिसत नाही."

"तो दिसत नसतो."

"दिसत नाही तर आहे कशावरून?" लग्नात रोषणाई मोजून घेणाऱ्या माणसाचा प्रश्न होता तो.

मी मोबाईल काढला, सेल्फीचा कॅमेरा सुरू केला आणि डबीपुढे धरला. पडद्यावर एक जांभळट ठिपका उमटला. सगळे वाकून बघायला लागले. ऑपरेटरनं तो ठिपका पाहिला आणि पटकन हात जोडले. दिवेलागणीला बटण दाबल्यावर आपल्याकडची माणसं जोडतात तसे, न कळत. मग त्याचा चेहरा एकदम उजळला.

"म्हंजी बल्बच की, सायेब!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. शेठही. मला फक्त हो म्हणायचं होतं. हो, बल्बच, हा पहिल्यापासून बरोबर सांगत होता. एवढ्या वाक्यानं तो माफीनामा फाटला असता. पण माझ्या डोक्यात आलं की हो म्हटलं तर मी काय केलं? बल्ब बदलला. मग हा शेठ मला पुन्हा विचारेल, कुणापैकी म्हणून.

"बल्ब नाही," मी म्हटलं. "बल्ब किराणा दुकानात मिळतो. हा एमिटर आहे, इन्फ्रारेड एमिटर. त्याचं डिग्रेडेशन झालं होतं."

शेठ इतके हसले की त्यांना ठसका लागला. "ए बल्ब, ऐकलंस का? किराणा दुकानात मिळतो!" बाकीचेही हसले. ऑपरेटरही थोडासा हसला, कारण सगळे हसत होते. मी झाकणाचे स्क्रू आवळायला घेतले.

मशीन संध्याकाळपर्यंत चालवलं. शाफ्ट सगळे मापात. मी इंग्रजीत रिपोर्ट लिहिला, दहा ओळींचा, त्यात सिग्नल, थर्मल आणि एजिंग हे शब्द आले. शेठनी तो न वाचता दोन वेळा खालीवर पाहिला आणि फार छान म्हणाले. मी निघालो तेव्हा गेटपाशी ऑपरेटर सायकल धरून थांबला होता.

"सायेब, त्या कागदात माझं काय लिवलंय?"

"तुझं काही नाही लिहिलेलं."

"काईच न्हाई?"

"अक्षरसुद्धा नाही."

त्यानं सुटल्यासारखा श्वास सोडला. "लई उपकार झाले, सायेब. आमी म्हनलं, अजून काय चढतंय की अंगावर." आणि त्यानं माझ्या गाडीच्या आरशावर बसलेली धूळ हातातल्या कापसानं पुसली. मी त्याला पुसू दिली. आपण याच्यावर उपकारच केले, असंही मला घरी पोहोचेपर्यंत वाटत राहिलं.

दसरा झाल्यावर शेठनी पुन्हा बोलावलं, कूलंटच्या, म्हणजे थंड करणाऱ्या पाण्याच्या, पंपाचं काहीतरी किरकोळ होतं. मशीनवर कुणी दुसराच माणूस उभा होता. मी विचारलं, तुमचा तो कुठे गेला? शेठ म्हणाले, "काढला. शनिवारी सही करीना. म्हणे मशीनची चूक होती. मी म्हटलं, मशीनची काय ते साहेबांनी बघितलं ना, तुझं तू बघ. गेला तिरमिरीत."

"शेठ, पण चूक मशीनचीच होती," मी म्हटलं. "माझ्या रिपोर्टमध्ये आहे ते."

"ते एमिटरचं ना? ते फाईलला लावलंय की. पण हा कुठे एमिटर म्हणत होता? हा बल्ब म्हणत होता."

"दोन्ही एकच."

शेठनी माझ्याकडे पाहिलं. हा माणूस मंगल कार्यालयातल्या खुर्च्यांपलीकडे काही जाणत नाही असं मी धरून चाललो होतो. ते शांतपणे म्हणाले, "मग त्या दिवशी का नाही बोललात? मी काय तुमचं तोंड धरलं होतं? तुम्हीच सगळ्यांसमोर सांगितलंत, बल्ब नाही म्हणून. माझं काय, मी अडाणी माणूस. तुमचा शब्द धरला."

उत्तर होतं, पण ते या माणसाला सांगायची लाज वाटली. तो मनुष्य कोत्या बुद्धीचा आहे, त्यानं आपल्या सोयीचं तेवढंच ऐकलं, कंपनीच्या फॉर्मसाठी एक गरीब माणूस बळी दिला, हे सगळं मी आजही म्हणेन. पण पुण्याच्या साहेबाला काही कळलं नव्हतं आणि शेठला कळून घ्यायचं नव्हतं. कळूनसवरून तोंड फिरवणारा मी एकटाच होतो. खर्ड्यापासून नगरपर्यंत आडनावावरून माझं म्हणणं मोडीत काढणाऱ्या एकेका माणसाला मी मनात शिव्या घातल्या आहेत. त्यांच्यात आणि माझ्यात फरक काढायला बसलो तर आता मला तो सापडत नाही.

घरी येऊन बायकोला सांगितलं. वाटलं होतं, ती म्हणेल, जाऊ द्या, तुमचा काय दोष. ती भाकरी थापत होती. न थांबता म्हणाली, "मला काय सांगताय? त्याला फोन करा."

नंबर वर्कशॉपच्या वॉचमनकडून मिळाला. दोनदा लागला नाही. तिसऱ्यांदा त्यानं उचलला. मागे ट्रॅक्टरचा आवाज होता आणि बाया कुणालातरी मोळ्या द्यायला सांगत होत्या. नवरा-बायको टोळीबरोबर राहात्याच्या बाजूला उसात होते. मी कोण ते सांगितलं.

"बोला की सायेब. मशीन बंद पडलं का परत?"

"नाही, चालू आहे," मी म्हटलं. "मी वेगळ्यासाठी फोन केला. त्या दिवशी तू सांगत होतास ते बरोबर होतं. बल्बच गेला होता. मी शेठला सांगितलंय आता."

पलीकडे ट्रॅक्टरच्या घरघरीत काही ऐकू येईना. फोन कट झाला असं वाटून मी हॅलो म्हटलं.

"हाय, हाय," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. "मला म्हाईत हुतं, सायेब. तुमालाबी म्हाईत हुतं."